नानांच्या समुद्राला साखर

माझ्यावर ज्यांचे सर्वांत मोठे उपकार आहेत ते धुळ्यातल्या देवपूरचे आमचे घरमालक नाना, आणि धुळ्याला समुद्र नाही ही गोष्ट मान्य नसलेले ते साऱ्या जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ होते. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी आलो तेव्हा घरोघरी आधी माझं आडनाव विचारलं गेलं आणि मग खोली नुकतीच दिल्याचं सांगण्यात आलं. नानांनी एवढंच विचारलं, "पाण्याचे कॅन उचलता येतात का?" मी हो म्हणालो. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि जागीच थबकलो. समोर काचेची पलंगाएवढी पेटी होती आणि तिच्यात खराखुरा समुद्र होता.

नानांच्या बायकोला, अक्कांना, गाडी लागायची. स्टँडच्या डिझेलच्या वासानेच त्या तोंडाला पदर लावत. म्हणून लग्नात कबूल केलेला समुद्र नानांनी निवृत्त झाल्यावर घरीच आणला. सुरतेकडून येणाऱ्या ओळखीच्या ट्रकांवर पाण्याचे कॅन यायचे. मुंबईच्या भाच्याने प्रवाळाचा एक जिवंत दगड आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा दिला होता. काम काही नाही, खाणं वेळेवर आणि मान पहिला, म्हणून अक्का त्या माशाला जावई म्हणत. पाहुणे पेटीजवळ मोठ्याने बोलले की नाना दटावत, "हळू! समुद्राला गोंगाट चालत नाही."

एके वर्षी प्रवाळ तपकिरी पडू लागला, काचांवर शेवाळ चढलं. माशाची घाण पाण्यात विरघळून साचते, असं नानांचं निदान. ते मुंबईला गेले आणि भाच्याच्या पेटीतली ओली वाळू डब्यात घालून, डबा मांडीवर धरून परतले. "हे विरजण," त्यांनी मला सांगितलं. "यातले जंतू ती घाण खातात. पण नुसती घाण खाऊन कोणाचं पोट भरलंय? जोडीला गोड हवं." असं म्हणून त्यांनी चिमटीभर साखर पाण्यात विरघळवली आणि समुद्रात ओतली. मी हबकलोच. चहातली साखरही मोजणारे नाना पाण्यात साखर ओतताहेत हे पाहून अक्का तर ओरडल्याच, "माय वं! मी च्यामा दोन चमचा टाक्या ते डोया वटारतस, आन आठे पानीमा साखर?"

पण काही आठवड्यांत पाणी आरशासारखं झालं आणि प्रवाळ पुन्हा फुलला. नाना गल्लीभर सांगत सुटले, की माझ्या पेटीत डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव आहेत आणि ते साखरेवर जगतात. इथेच घात झाला. आमच्या गल्लीतल्या बायका मुंग्यांच्या वारुळाला साखर घातल्याशिवाय जेवत नसत. नाना लग्नासाठी जळगावला गेले त्या दिवशी एकेक जण मुठीत साखर घेऊन आली. लाखो भुकेले जीव, एवढं पुण्य घरबसल्या कुठे मिळणार? अक्कांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं.

दुपारी मी कॉलेजातून आलो तर समुद्राचं ताक झालेलं. जावई वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता. तेवढ्यात नाना लग्नाचा फेटा डोक्यावर तसाच ठेवून दारात उभे राहिले.

"साखर कोनी टाकी?"

"बठ्ठासनी," साऱ्या गल्लीकडे हात करत अक्का पुटपुटल्या.

नाना रागावले नाहीत, याचाच मला सर्वांत मोठा धक्का बसला. ते काचेला डोळा लावून म्हणाले, "जंतू वाढले. पाण्यातली सगळी हवा तेच ओढताहेत. मासा गुदमरणार." हवेचा पंप होता, पण लाइट गेली होती. अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "मना समुद्र मीच मारी टाका."

आणि पुढच्या क्षणी त्या उठल्या आणि ताकाची रवी घेऊन आल्या. साऱ्या गल्लीने मग आळीपाळीने समुद्र घुसळला. नाना स्टुलावर चढून तांब्याने पाणी उंचावरून ओतत होते. ज्या काकूंनी मला खोली नाकारली होती त्यांनीच दमून रवी माझ्या हातात दिली. "घुसय रे भाऊ, थांबू नको." लाइट आली तेव्हा जावई खाली उतरला होता. प्रवाळ मात्र मिटला तो मिटलाच. अक्का रोज त्याच्यासमोर बसायच्या. नाना म्हणायचे, "अगं, कोणी उपाशी राहू नये म्हणूनच टाकलीस ना?" एका सकाळी तो जरासा उमलला, आणि अक्कांनी मला परीक्षेच्या अभ्यासातून ओढत नेऊन दाखवला.

मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. नोकरी कोकणात लागली. तिथून नानांना पाठवलेलं पहिलं पत्र असं:

"ती. नाना आणि अक्का यांस सा. न. काल पहिल्यांदा समुद्र पाहिला. खूप मोठा आहे. पण कोणाची देखरेख दिसली नाही, आणि आवाजही फार करतो. तुमच्याजवळ राहिल्यामुळे मला त्याची भीती वाटली नाही. आईने निघताना आनंदाची साखर पुडीत बांधून दिली होती. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. अक्कांच्या नावाने एक चिमूट टाकली. जास्त नाही टाकली."