इंजिन बसलंय

'बसणे' या क्रियापदाचे मराठीत किती अर्थ होतात, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. त्यातला एक मला स्वतःलाच येत नव्हता. तो कळायला निवृत्त व्हावं लागलं आणि एक पिवळी बस बघायला जावं लागलं.

बस परभणीतल्या एका शाळेमागे कडुनिंबाखाली उभी होती, दोन पावसाळे एकाच जागी. टपावर निंबोळ्यांचा थर. मागच्या धुळकट काचेवर कुणा पोरानं बोटानं मास्तर काढलेला, तो मला जरा ओळखीचा वाटला.

मी तिथं गेलो ते पुतणीसाठी. तिनं दहावी चांगली काढली होती. पण पेडगावहून परभणीच्या कॉलेजला जायला वेळेची एसटी नव्हती, आणि काळीपिवळीच्या गर्दीत पोरगी पाठवायला माझा थोरला भाऊ तयार नव्हता. गावात अशा आणखी नऊ मुली होत्या, आणि त्या नवांचे बाप माझ्या भावाच्या तोंडाकडं बघत होते. भावानं मला सांगितलं, "तू गाडी आण, मी पोरगी बसवतो. पण रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर पोरगी घरी. मंग मला शिक्षणाचं महत्त्व सांगायला यायचं न्हाई."

या अविश्वासाला इतिहास होता. मी घेतलेली पहिली मोटारसायकल चोरीची नव्हती, एवढीच तिची जमेची बाजू. मी पारखून आणलेली म्हैस लय शांत होती, कारण ती ठार बहिरी होती.

शाळेचे संस्थाचालक भले गृहस्थ. म्हणाले, "मास्तर, आधीच सांगतो, मागून बोल नको. इंजिन बसलंय हिचं."

मी खुश. दुसरं इंजिन आणून घातलंय आणि ते नीट बसलंय, असा मी अर्थ लावला. "मग तर प्रश्नच मिटला!" मी म्हणालो.

त्यांनी खात्री करून घेतली. "तुमची हरकत न्हाई?"

"हरकत कसली? उलट बरंच झालं की."

मग त्यांनी चहा मागवला. तो चहा कीव येऊन मागवला होता, हे आता कळतं.

घरी मी भावाला अर्थासहित बातमी दिली, "दादा, इंजिन दुसरं बसवलंय." तरीही त्यानं त्याचा ट्रॅक्टर बघणाऱ्या मिस्त्रीचाचांना दुसऱ्या दिवशी तिथं बोलावून घेतलं. मला मात्र दम निघाला नाही. ते यायच्या आत मी बसला हार घातला आणि नारळ फोडला. आमच्याकडं गाडीपुढं नारळ फुटला की गाडी आपली. त्यानंतर माघार घेणं म्हणजे सुपारी फुटल्यावर लग्न मोडणं.

भाऊ नि पुतणीसोबत चाचा आले तेव्हा मी खोबरं वाटत होतो. त्यांनी तुकडा घेतला आणि हत्यारांच्या पेटीत टाकला. "काम झाल्यावर खातो." मग पुढं वाकून इंजिनाच्या पुलीला पाना लावला, अंग टाकून ओढलं. काहीच हललं नाही.

"मास्तर, हे तर बसलेलं हाय."

"हो, सांगितलंय की मला त्यांनी."

"काय सांगितलं?"

"हेच, इंजिन बसलंय म्हणून."

"आनि तरी नारळ फोडला?"

सगळ्यात आधी भावाला कळलं. तो बसच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "आरं, बसलंय म्हंजी जाम झालंय! मराठीचा मास्तर ना तू?" मग हसता हसता थांबला. शेजारी पुतणी उभी होती, आणि ती हसत नव्हती.

तोंड वाचवायला मी म्हणालो, "आता नारळ फोडलाय. घ्यावीच लागेल."

"नारळापायी गाडी घेऊ नका, मास्तर," चाचा म्हणाले. "नारळ खाऊन टाका. गाडीत बसनार कोन?"

भावानं पुतणीकडं बोट केलं. चाचांनी तिलाच विचारलं, कुठून कुठं, रोज किती वाजता. मग म्हणाले, "मला चार रोज द्या. 'घ्या' नाही तर 'नका घेऊ', दोन्हीपैकी एक सांगतो. 'बघू' म्हननार न्हाई."

माणूस इंजिनाजवळ जातो कसा, हे मी त्या चार दिवसांत पाहिलं. त्यांनी इंजिनावरची डिझेल फवारणारी नळकांडी काढून त्या भोकांतून डिझेल सोडलं आणि झाकून ठेवलं, बस. दुसऱ्या दिवशी मी पान्याला हात घालायला गेलो, तर हात धरला. "ताकद लावली का तुटतंय. मुरू द्या." तिसऱ्या दिवशी पाना अंगठ्याएवढा सरकला. चाचांनी तो तितकाच मागं आणला, पुन्हा पुढं, पुन्हा मागं, आजारी माणसाला पहिल्यांदा उभं करावं तसं. दुपारपर्यंत पुली अख्खी फिरली.

चौथ्या दिवशी त्यांनी इंजिनाचं डोकं उघडलं, डोळे मिटले आणि सिलिंडरच्या आतून नख फिरवलं. एक, दोन, तीन. चौथ्यात नख थांबलं. "इथं ओरखडा हाय. निघंल." मी माझं नख फिरवलं, मला चारी सारखेच गुळगुळीत लागले. पुतणीनं फिरवलं आणि चौथ्यात म्हणाली, "हं." आमच्या घराण्यात पारख आहे, फक्त ती मला चुकवून गेली.

"घ्या," चाचा म्हणाले. "हे बसून बसून बसलंय, चालून चालून न्हाई. पन पुरं काम करावं लागंल. वरवर चालू करून देनारे लय हायेत, त्यात मी न्हाई. तीन आठवडे."

तोवर कॉलेज सुरू होणार होतं. मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, "तीन आठवडे मी सोडतो मोटारसायकलवर."

गाडी मी घेतली. चालवायला ड्रायव्हर ठेवला, डिझेलचं बघणं माझ्याकडं. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा चाचांनी पेटीतून तो वाळका खोबऱ्याचा तुकडा काढला आणि पुसून खाल्ला. पुढं आठ दिवस ते स्वतः शेवटच्या सीटवर बसून परभणी-पेडगाव करत राहिले, कान खाली लावून. कुणी सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी उतरताना म्हणाले, "आता माझं काम न्हाई. फकस्त डिझेलचा काटा बसलाय, ध्यानात ठेवा."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

काटा अर्ध्यावर होता. आठवडाभर अर्ध्यावरच राहिला. मी गावभर सांगत सुटलो, चाचांनी असं इंजिन बांधलंय की डिझेल पीतच नाही. आणि एका सकाळी, दहाही मुली आणि मी आत, दोन्हीकडं कापूस, बस दोनदा खोकली आणि थांबली.

पुतणीनं बापाला फोन लावला, "अप्पा, या. येताना कॅनभर डिझेल आना."

भाऊ आला. कॅन मोटारसायकलवरच ठेवून माझ्याकडं बघत उभा राहिला. खिडक्यांत दहा तोंडं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुतणी म्हणाली, "अप्पा, गाडी बंद पडली न्हाई. काकानं डिझेल टाकलं न्हाई. काटा बसलाय म्हनून चाचा सांगून गेलते की."

"म्हंजी इंजिन बरं हाय?"

"एकदम."

भावानं कॅन ड्रायव्हरच्या हातात दिला. "मंग गाडीला बोल न्हाई. बसलंय ते ह्याचं डोकं, आन् ते चाचाच्या बी हातचं न्हाई." आणि खाली उतरू लागलेल्या मुलींना त्यानं आवाज दिला, "उतरायलेत कशाला गं? बसा. तास बुडंल."