निरोगी गटातलं रक्त

शिकागोजवळच्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. काम होतं गरोदर बायकांच्या रक्तातलं एक प्रथिन मोजण्याचं. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून ‘वाढा’ असा निरोप नेणारं एक प्रथिन आपल्या रक्तात फिरत असतं. आणखी एक प्रथिन असतं, ते त्या निरोप्याला वाटेतच धरून ठेवतं. हे धरून ठेवणारं प्रथिन फार झालं तर रक्तवाहिन्यांची वाढ खुंटते, आहेत त्या आजारी पडतात आणि बाईचं ब्लडप्रेशर चढत जातं. गरोदरपणात ते बाळाला पोसणाऱ्या वारेतून आईच्या रक्तात उतरतं, हे तेव्हा नुकतंच लक्षात येऊ लागलं होतं.

त्याच सुमारास मला दिवस गेले. तुलनेसाठी निरोगी बायकांचं रक्त हवंच होतं. सहाव्या महिन्यात मी नमुने गोळा करणाऱ्या नर्सकडे गेले आणि फॉर्म भरला. ‘काही त्रास?’ या प्रश्नापुढे लिहिलं, ‘नाही’. तिने रक्त काढलं आणि नळीवर नंबर चिकटवला. कुणाचा नंबर कोणता, हे फक्त तिच्या कपाटातल्या यादीत असायचं.

काही दिवसांनी निरोगी गटाचे नमुने माझ्याकडे मोजायला आले. प्रथिन जितकं जास्त, तितका रंग गडद येतो. सगळीकडे फिकट पिवळा रंग आला, एका ठिकाणी मात्र हळदीसारखा गडद. मला वाटलं, हातून दोनदा थेंब पडला. पुन्हा केलं, तरी तेच. मी माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं.

“सगळे निरोगी आहेत ना? मग नमुना खराब झाला असेल. बाजूला ठेव,” ते म्हणाले.

मी वहीत त्या नंबरापुढे ‘खराब’ असं लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

आठव्या महिन्यात आई नागपूरहून आली. माझे पाय सुजलेले बघून म्हणाली, “या दिवसांत सुजतातच गं. तुझ्या वेळी मला चप्पल चढत नव्हती.” डोकं दुखायचं, ते मी कॉम्प्युटरवर ढकललं. एका शनिवारी सकाळी तिने पोहे पुढे ठेवले आणि मला ताटली अर्धीच दिसली. उजवीकडे नुसतं चकाकत होतं. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली.

हॉस्पिटलमध्ये प्रेशर घेतलं. तिथल्या नर्सने दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून पुन्हा घेतलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर आल्या. “बाळ आज बाहेर काढावं लागेल,” त्या म्हणाल्या.

“आज?” मी विचारलं.

“आत्ताच.”

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव मी प्रबंधात शेकडो वेळा टाइप केलं होतं. त्याची लक्षणं मला क्रमाने पाठ होती, आणि तरी मी ती तीन आठवडे अंगावर घेऊन फिरत होते.

आईने माझा हात धरला. “बाळाला काही झालंय का?”

“नाही. वारेतून माझ्या रक्तात नको ते उतरतंय. वार निघाल्याशिवाय थांबणार नाही.”

“मग निघू दे,” ती म्हणाली.

मुलगी झाली. इवलीशी होती, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. चार दिवसांनी नमुने गोळा करणारी ती नर्स मला भेटायला आली, पलंगाशी खुर्ची ओढून बसली.

“तुझा नमुना आता निरोगी गटातून काढावा लागेल,” ती म्हणाली. “नंबर कळायला हवाय तुला?”

मी होकारार्थी मान हलवली. तिने नंबर सांगितला. मी तिला तो पुन्हा सांगायला लावला. वहीत ज्याच्यापुढे मी ‘खराब’ लिहिलं होतं, तोच तो नंबर. आजार दिसायच्या कितीतरी आधी माझ्या रक्ताने ते सांगितलं होतं, आणि ते वाचणारी मीच होते.

नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तुला एकदाही शंका नाही आली?”

“निरोगी लिहिलेलं होतं ना,” मी म्हणाले. “मीच लिहिलं होतं.”

सर भेटायला आले तेव्हा तेही हादरलेले होते. म्हणाले, “कळलं असतं तरी डॉक्टरांना काय सांगणार होतो? ही तपासणी अजून सिद्ध झालेली नाही.” ते खरंच होतं. मला त्याने काडीचाही धीर आला नाही.

मुलगी पाचव्या आठवड्यात घरी आली. पुढे नीट वाढली, शाळेत जायला लागली. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी कामावर परतले ते सरांना एक गोष्ट मागूनच: वेगळा आकडा आला की नर्सला फोन करायचा, नमुना खराब आहे असं आपणच ठरवायचं नाही. त्यांनी मान्य केलं.

पुढच्या वर्षी मी असा एक फोन केला. नंबर सांगितला, आकडा सांगितला. नर्स म्हणाली, “थँक्स, मी बघते.” ती बाई कोण, तिचं पुढे काय झालं, हे मला कधीच कळलं नाही.