टांगा अड्ड्यापासून हायवेपर्यंत

पेठ वडगाव सोडलं तेव्हा अब्बांनी मला त्यांच्याच टेम्पोतून हायवेवर आणून सोडलं. मुंबईची ट्रॅव्हल्स यायची होती, तिथून शारजाचं विमान. शेजारून ट्रक गेला की अब्बा माझा दंड धरून मागं ओढायचे. एवढंच म्हणाले, "पहुँच्या की फोन कर."

तेव्हापासून भीती वाटते ती फोनचीच. तुमच्यातले जे गावाबाहेर गेलेत, त्यांना हे सांगायला नको. ड्यूटीवर असताना गावाकडचा नंबर अवेळी दिसला की हातातलं काम सुटतं. दोन वर्षांपूर्वी अम्मीचा तसाच फोन आला, "तेरे अब्बा रस्ता भूलते हय." मी सुट्टी टाकून आलो.

आल्यावर चारच दिवसांत, ऐन बाजाराच्या दिवशी, अब्बा घरातून नाहीसे झाले. मोबाईल उशाशी पडलेला. अम्मी दारातच मटकन बसली. मी पळत सुटलो.

कुठं शोधायचं? अब्बांचं सगळं आयुष्य गाड्यांवर गेलेलं. म्हटलं, जिथं जिथं त्यांची गाडी उभी राहिली, तिथं तिथं जायचं. आधी जुना टांगा अड्डा. तिथं आता मोबाईलची दुकानं आहेत. घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोण तेवढी उरलीय, तीही फुटक्या फरश्यांनी भरलेली. पुढं एसटीचा जुना थांबा. या एसटीनंच टांग्याचा धंदा बसवला, म्हणून अब्बांनी घोडा विकून टेम्पो घेतला होता. तिथं कोथिंबिरीचे ढीग लागले होते. मग शेंगांची पोती भरायचं ठिकाण, जिथं टेम्पोला भाडं मिळायचं. तिथं मंगल कार्यालय झालंय. वाटेतल्या विहिरीत मी वाकून पाहिलं. पाणी हिरवं आणि स्थिर होतं. त्यावर काही तरंगत नाही ना, हे बघायला मला मिटलेले डोळे पुन्हा उघडावे लागले.

पानपट्टीवाला ओरडला, "तुजं अब्बा हायवेकडं गेलं की रं!"

हायवेकडं! तिथं माणूस आडवा आला तरी गाड्या थांबत नाहीत. वाटेत गर्दी दिसली की वाटायचं, झालं. एका ठिकाणी खरंच माणसं गोळा झाली होती. मी मधे घुसलो. उसाची ट्रॉली कलंडली होती, बाकी काही नाही.

अब्बा वडापच्या, म्हणजे शिटा भरून सोडायच्या, जिपांपाशी सापडले. टेम्पो विकल्यावर काही वर्षं त्यांनीही इथं तशीच जीप चालवली होती. रस्त्याच्या अगदी कडेला उभे राहून हाका मारत होते, "वडगाव! वडगाव! एकच शीट!" मी जवळ गेलो. त्यांनी नीट माझ्याकडं बघितलं.

"कुठं जायाचं, पावणं?"

आमच्या घरात आम्ही मराठी बोलत नाही. अब्बा मराठी बोलायचे ती गिऱ्हाइकांशी.

"वडगावात," मी म्हणालो. "मशिदीच्या मागं."

"मग चला की. माजं घर बी तितंच हाय."

गाडी नव्हतीच. ते पुढं चालले, मी मागं. मधेच वळून विचारायचे, "दमलासा व्हय?" त्यांचं एकही वळण चुकलं नाही. दारात पोचल्यावर अम्मीला म्हणाले, "चाय रख. मेहमान आया हय." अम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "ऱ्हाता कुठं?"

"शारजाला."

"लई लांब की ओ. घरात कोण कोण हाय?"

"आई आणि वडील."

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"मग एकदा जाऊन या की. वाट बगत असत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली. सुट्टी संपल्यावर मी शारजाला परतही आलो. आता रोज रूमवर आलो की फोन लावतो. रिंग वाजत असते तोवर एकेक मोजतो. पलीकडून कधी "बेटा" येतं, कधी "कोण पावणं?" काहीही आलं तरी चालतं. आवाज अब्बांचा असला, की माझं घर अजून तिथं आहे.