परकारभाईंचा कुंभार्ली

परकारभाई बर्फावरून घसरत येताना तोंडाने हॉर्न वाजवायचे. वळण आलं की "पोंऽऽ पोंऽऽ", आणि कुणी आडवं आलंच तर वर "अति घाई संकटात नेई!" हा घाटातल्या पाटीचा मजकूर. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते दुबईच्या एका मॉलमध्ये. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत काचेपलीकडे बर्फाचा उतार, आणि त्या उताराच्या मधोमध भाड्याचा सूट घालून बसकण मारलेली मी. स्की पायात असल्या की उठायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं. मागून हॉर्न आला. माझी लेक ईरा वरून किंचाळली, "आई, मूव्ह! ही इज लिटरली हॉंकिंग!" मूव्ह कसली होतेय, डोंबल! मेंदी लावलेल्या दाढीचा, साठीकडे झुकलेला एक माणूस माझ्या कानाजवळून सुळकन गेला आणि खाली जाऊन थांबला. ईराचं 'आई' ऐकून त्याने ताडलं असणार. चक्क मराठीत म्हणाला, "ताई, घाटात मध्येच गाडी उभी करू नये. साइडला घ्या."

हे परकारभाई. गाव चिपळूणजवळ, राहणं शारजात अल मजाजला, धंदा एसीच्या सुट्या भागांचा. या वयात स्कीइंग कुठून सुचलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आयुष्यभर लोकांना गार हवा विकली ताई. म्हटलं, एकदा मालाची फॅक्टरी बघून येऊ."

फॅक्टरी म्हणजे जॉर्जिया. शारजाहून विमानात बसलं की चार तासांच्या आत तिथे, व्हिसाची कटकट नाही. दर फेब्रुवारीत ते डोंगरातल्या एकाच गावी जायचे, आणि पुढच्या वर्षीपासून आम्हालाही नेऊ लागले. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा श्रीकांत, आणि दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतले जोगळेकर. जोगळेकर इंजिनियर, सगळ्याचं ॲप असलेला माणूस. त्या गावाचं नाव आम्ही कधी घेत नसू. नुसतं 'वर' म्हणायचो. "वर पडला का?" एवढा मेसेज आला की ऑफिसात माझं लक्ष लागत नसे.

वरच्या आखलेल्या, खांब लावलेल्या वाटांकडे परकारभाई ढुंकूनही बघत नसत. "ते हायवे, साहेबलोकांसाठी." त्यांचं प्रेम झाडांमधून, कड्यामागून उतरणाऱ्या चोरवाटांवर. आणि त्या प्रत्येक वाटेला त्यांनी आपल्या घाटाचं नाव दिलं होतं. लांबलचक, वळणावळणाची होती ती कशेडी. जिथे हमखास धुकं उतरतं ती आंबा. संध्याकाळी हॉटेलात जेवताना "आज आंब्यात जरा निसरडं होतं हो" अशी आमची बोलणी चालत. शेजारच्या टेबलावरच्या कुणा भारतीयाला वाटावं, हे लोक रत्नागिरीला निघालेत. नकाशावर यातलं एक नाव नव्हतं. जोगळेकरांनी एकदा ॲपमध्ये घाटांची नावं भरायला घेतली, तर परकारभाईंनी त्यांच्या हातातला फोन काढून आपल्या खिशात घातला. "हबीबी, घाट पायाने लक्षात ठेवायचा. मोबाइलची बॅटरी संपली की तुमचा घाट पण खलास."

कुंभार्ली मात्र ते चारचौघांत बोलत नसत. कुंभार्ली म्हणजे कराडहून उतरून चिपळूणला जाणारा, त्यांच्या घरचा घाट. एका सकाळी श्रीकांत आणि जोगळेकर अजून झोपले होते. परकारभाईंनी मला खुणेने बोलावलं, डोंगर चढवणाऱ्या लिफ्टच्या शेवटच्या ठाण्यावर नेलं, आणि तिथल्या मोडक्या लाकडी चौकीच्या डाव्या अंगाने एका उतारावर आणून उभं केलं. कुणाच्या पायाचा ठसा नव्हता. दोन्हीकडे बर्फाने वाकलेले देवदार. "हा कुंभार्ली," ते हळूच म्हणाले. "कुणाला दाखवला नाही. श्रीकांतना पण सांगू नका." मी त्या उतारावरून आले ती आजवरच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर पाच-दहा मिनिटं असतील. एवढ्या माणसांतून त्यांनी मला निवडलं याचं मला फार अप्रूप वाटलं. आणि नवऱ्यापासून काहीतरी लपवल्याची गंमत, ती वेगळीच.

मग एका दुपारी तो प्रकार घडला. धुकं दाटलं होतं, लिफ्ट बंद व्हायच्या बेतात होत्या. परकारभाई म्हणाले, "तुम्ही चहा सांगा, मी एक शेवटची मारून येतो." चहा आला, निवला, आणि माझा फोन वाजला. "ताई, मी कुंभार्लीत आहे. पाय मुरगळलाय. एक स्की खाली गेली. यल्ला, माणूस पाठवा लवकर, गारठा वाढतोय." पुढे नुसती खरखर, मग तीही नाही.

आम्ही धावत बचाव पथकाच्या खोलीत गेलो. भिंतभर नकाशा होता. त्यांचा प्रमुख, भक्कम बांध्याचा गृहस्थ, तोडक्या इंग्रजीत एकच शब्द म्हणाला, "व्हेअर?" मी पुढे होऊन त्या लाकडी चौकीच्या डावीकडे बोट ठेवलं. म्हटलं, मलाच तर ठाऊक आहे! तर माझ्या बोटापासून वीतभर लांब श्रीकांतचं बोट. आणि पार दुसऱ्या सोंडेवर जोगळेकरांचं.

"अहो, कुंभार्ली इथे आहे," जोगळेकर म्हणाले.

"काहीतरीच काय! त्यांनी स्वतः नेलंय मला," श्रीकांत म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुला कुणी सांगितलं कुंभार्लीचं?"

"आणि तुला?" मी म्हटलं.

तो प्रमुख आमच्या तीन बोटांकडे बघत राहिला. एक माणूस बर्फात पडलाय, अंधार व्हायला आलाय, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे असे बघतोय की जणू आमची कुणीतरी फसवणूक केलीय. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, भीतीच्या जोडीला मला मत्सरही वाटत होता. म्हणजे मी एकटी नव्हते तर! मी शारजाला रेहानाभाभींना, परकारभाईंच्या बायकोला, फोन लावला. घाबरत सगळं सांगितलं. त्या कुराणातलं काहीतरी पुटपुटल्या, मग म्हणाल्या, "ताई, मला कुंभार्ली माहीत, पण तो एसटीतून! तुमच्या बर्फातला मी कुठून सांगू? आणि त्यांचं काय विचारता, ते गावी पण वाट चुकतात. लग्नाच्या दिवशी वरात घेऊन भलत्याच मोहल्ल्यात गेले होते."

शेवटी तीन बोटांसाठी तीन टोळ्या निघाल्या. आम्हाला जाऊ दिलं नाही. त्या खोलीत शेगडीपाशी बसून मी इतक्यांदा देवाचं नाव घेतलं की श्रीकांतने माझा हात घट्ट धरून ठेवला. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, मग राखाडी, मग काळं. वायरलेसवर कुणी बोललं की आम्ही तिघंही उठून उभे राहायचो आणि भाषा कळत नाही म्हणून परत बसायचो.

ते सापडले. आमच्या तिघांच्याही बोटांखाली नाही, चौथ्याच जागी. परत फिरलेल्या एका टोळीला धुक्यातून शिव्या ऐकू आल्या. भाषा ओळखीची नव्हती, म्हणूनच ते तिकडे वळले. स्ट्रेचरवरून आत आणलं तेव्हा दाढीवर बर्फ साचलेला, ओठ निळे पडलेले. मी रडत होते. आणि हे महाशय माझ्यावरच डाफरले, "किती वेळ! कुंभार्ली म्हणून सांगितलं होतं ना?"

"पण तुम्ही कुंभार्लीत नव्हता, परकारभाई," जोगळेकर म्हणाले.

"होतो की!" ते म्हणाले आणि आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागले. त्यांच्या नजरेत जे होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. चोरी पकडलेल्या माणसाची ओशाळगत होती, की काही आठवत नसलेल्या माणसाची भीती?

पायाला प्लास्टर घालून आम्ही त्यांना परत आणलं. पुढचे कित्येक महिने आमच्यात दुसरा विषय नव्हता. जोगळेकरांचं ठाम मत, त्यांचं डोकं उतरणीला लागलंय, डॉक्टरला दाखवा. श्रीकांत म्हणे, छे, त्यांनी मुद्दाम प्रत्येकाला वेगळा घाट दिला, आपला-आपला. मला दोन्ही पटायचं आणि दोन्हीने त्रास व्हायचा. आजार असेल, तर त्या सकाळी त्यांनी मला निवडलंबिवडलं काही नव्हतं, ते नुसते चुकले होते. आणि प्रेमाने केलं असेल, तर त्याच प्रेमापायी ते मरता मरता वाचले. तोंडावर विचारायची माझी हिंमत होत नव्हती. मी भाभींकडे बिर्याणीला गेले की ते मस्त गप्पा मारायचे, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. आजाराचं नाव नाही. आणि मी निघताना दोन चपलांपैकी एक माझी घालून लिफ्टपर्यंत पोचवायला यायचे. आता हे काय समजायचं?

पुढच्या हिवाळ्याआधीच त्यांनी गाशा गुंडाळला. मुलगा चिपळूणला बोलावत होता, दुकान भाच्याकडे गेलं, आणि व्हिसा म्हणजे काय, काम संपलं की माणूसही संपला इथला. शारजा विमानतळावर मी आणि श्रीकांत पोचवायला गेलो. भाभी सामानाच्या रांगेत, श्रीकांत त्यांच्या मदतीला. मी आणि परकारभाई ट्रॉलीपाशी. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"परकारभाई, एक विचारू? खरा कुंभार्ली कोणता?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग अगदी हळू, जपून विचारलं, "तुम्हाला कोणता दाखवला होता मी?"

मी सांगितलं. मोडकी चौकी, डावं अंग, वाकलेले देवदार. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच मान जराशी कलली, जशी वळणावर कलते.

"मजा आली होती?"

"खूप."

"मग तोच," ते म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भाभींनी हाक मारली तसे गेले.

गाडीत येऊन बसलो. मग राहवेना. श्रीकांतला म्हटलं, "मी विचारलं त्यांना. माझाच खरा म्हणाले."

त्याने किल्ली घातली, पण फिरवली नाही. "मी पण विचारलं होतं. गेल्या शुक्रवारी."

"मग?"

"म्हणाले, तुम्हाला कोणता दाखवला होता?"

मला त्यांचा मनस्वी राग आला, आणि वाटलं, आत्ता धावत जावं आणि त्यांना विमानातून उतरवून घरी आणावं.