तो वेग माझा नव्हता

सुनंदावहिनींचं नाव आधी सांगतो. माझ्या थोरल्या भावाची बायको. पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या गावात द्राक्षबागेतलं माझ्या वाट्याचं काम त्यांनी चार वर्षं केलं, म्हणून मी नाशिकला इंजिनिअरिंग करू शकलो. घरातला पहिला पदवीधर मी. एका मोठ्या आजारातून उठलो, त्यातही त्यांचा मोठा हात आहे. आणि त्यांच्याशीच मी खोटं बोललो, तेही सांगणार आहे.

डॉक्टरांनी मला दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरू लागला. पंखा बंद होता. मी हात घट्ट धरले, तसा तो जास्तच हलला.

"हे किती महिने होतंय?"

"काय?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

टेबलावर रिपोर्ट होता. टीएसएच जवळपास शून्य, टी-थ्री आणि टी-फोर खूप वाढलेले. "हायपरथायरॉयडिझम," ते म्हणाले. "बहुधा ग्रेव्ह्ज डिसीज. स्कॅन करून खात्री करू." थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी शरीराचा वेग सांभाळते. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून तिला डिवचत राहते आणि ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडते. "गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि ॲक्सिलरेटर दाबून धरलाय. इंजिन किती दिवस टिकेल?"

मी घड्याळाकडे बघत होतो. साडेअकराला मीटिंग होती.

लक्षणं आठ महिने होती. अकरा किलो वजन उतरलं होतं. भूक राक्षसासारखी. छातीत सतत धडधड, घाम, पाच मिनिटं एका जागी बसवेना. बायको, मीनल, म्हणायची, "जेवताना तरी पाय हलवू नका, टेबल हलतंय." पण नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमच्या कारखान्यात या सगळ्याचं कौतुक होत होतं. मी उत्पादन विभागात सहायक व्यवस्थापक. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, तीन माणसांचं काम एकटा उरकायचो. ऑपरेटर चिडवायचे, "साहेब, चावी कोण देतं हो तुम्हाला?" आमचे प्लांट हेड तर पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हा माणूस नाही, मशीन आहे."

मला वाटायचं, ही माझी जिद्द आहे. गुजरातमधल्या नव्या प्लांटचा प्रमुख नेमायचा होता आणि माझं नाव पुढे होतं.

स्कॅनच्या दिवशी हाताच्या शिरेत औषध टोचून गळ्याचे फोटो काढले. दुखत नाही, फक्त वीस मिनिटं न हलता पडायचं असतं. माझ्यासाठी तेच अवघड होतं. तंत्रज्ञ दोनदा म्हणाला, "सर, हलू नका ना." ग्रेव्ह्जच निघाला. कार्बिमाझोल सुरू झालं, ते हार्मोन बनणं कमी करतं. सोबत प्रोप्रानोलॉल, ते धडधड आणि थरथर आवरतं. डॉक्टरांनी बजावलं, "गोळ्या वर्ष-दीड वर्ष घ्यायच्या. मनाने बंद करायच्या नाहीत. ताप आला किंवा घसा दुखला तर लगेच रक्त तपासायचं."

दीड महिन्यात हात स्थिर झाले. नाडी शहात्तर. वजन भरू लागलं. आणि मला भीती वाटू लागली.

मीटिंगमध्ये मी उत्तर देण्याआधी थांबू लागलो. दुपारी जांभई यायची. एकदा प्लांट हेड सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे, थंडावलास?" ते शब्द डोक्यातून जाईनात. आठ महिने ज्याचं कौतुक झालं तो मी होतो की माझी ग्रंथी? गोळ्यांनी आजार जातोय की मीच जातोय? इंटरव्ह्यूला तीन आठवडे होते. मी दोन्ही गोळ्या बंद केल्या. मीनलला कळू नये म्हणून रोज एकेक गोळी पाकिटातून काढून फेकायचो. इंटरव्ह्यू झाला की पुन्हा सुरू करू, असं ठरवलं होतं.

इंटरव्ह्यू झकास झाला. दीड तास बोललो, एकदाही अडखळलो नाही. चौथ्या दिवशी, गोळ्या अजून बंदच होत्या, कारखान्यात मशीनपाशी उभा असताना छातीत काहीतरी उलटंपालटं झालं. ठोके मोजता येईनात, डोळ्यांपुढे अंधारी आली. ॲम्ब्युलन्समध्ये नाडी एकशे साठच्या वर होती. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरतात. त्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते.

निवड झाल्याचा मेल मला आयसीयूत असताना आला.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात हलवलं. वहिनी पहिल्या एसटीने आल्या होत्या. मीनलला कचऱ्यात गोळ्या सापडल्या होत्या, ते तिने त्यांना सांगितलं होतं. वहिनी स्टुलावर बसल्या.

"भाऊजी, बागेत शेंडा नुसता पळाया लागला तर आपण काय करतो?"

"खुडतो."

"का बरं?"

"नाहीतर घड पोसत नाही."

"माहीत हाय ना? मंग तुमचा शेंडा डॉक्टरनी खुडला, तर तुम्हाला लगेच राग आला व्हय? एवढं शिकून लय हुशार झालात."

मी हसलो. मग रडलो. त्या म्हणाल्या, "रडा, पण गोळी घेऊन रडा."

पुढचे आठ दिवस त्या पलंगावर एकच विचार होता. गुजरातच्या त्या पदावर काय करायचं होतं मला? ते मिळवायचं, यापुढे माझा विचार कधी गेलाच नव्हता. मग कामावरचे कोणते तास खरंच आवडले, ते आठवू लागलो. सगळे गेज रूममधले निघाले. तिथे मोजमापाची साधनं तपासतात, घाई करून चालत नाही. घरी आल्यावर मी प्लांट हेडना नकार कळवला आणि गेज रूम मागितली. ते म्हणाले, "वेडा आहेस. लोक यासाठी दहा वर्षं घासतात."

वहिनींना मात्र फोनवर सांगितलं, "कंपनीने दुसऱ्याला पाठवलं." आणि त्या माझ्या बाजूने भांडत सुटल्या. आजारी माणसाचं पद काढून घेतलं म्हणून गावभर कंपनीला शिव्या. दर फोनला नव्या.

तुमच्यापैकी कोणाला हा आजार झाला असेल तर घाबरू नका, तो आटोक्यात येतो. फक्त गोळ्या लपवू नका. गोळ्यांनी हळू झालेला माणूस तुम्हीच असता. त्याच्याशी ओळख व्हायला थोडे दिवस लागतात. माझी अजून पुरती झालेली नाही. अधूनमधून तो जुना वेग आठवतो आणि हात शिवशिवतात.

खोटं मात्र फोनवर निस्तरेना. तीनदा फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. शेवटी पत्र पाठवलं. ते असं:

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

कंपनीला शिव्या देणं थांबवा. तिने माझं काही काढून घेतलं नाही. गुजरातला मीच नको म्हटलं. तुम्हाला खोटं सांगितलं, कारण लाज वाटली. तुम्ही माझ्या वाट्याचं काम केलंत ते मी मोठा साहेब व्हावा म्हणून, असं मी धरून चाललो होतो. परवा आठवून बघितलं, तुम्ही तसं कधी म्हणालात का. एकदाही आठवत नाही. तरी तुम्हाला वाईट वाटलं असेल तर ते माझ्यामुळे, कंपनीमुळे नाही.

मी आता गेज रूममध्ये आहे. हाताखाली दोनच माणसं. गावात सांगण्यासारखं पद नाही. पण सकाळी तिथे जायला मला आवडतं, आणि हे मी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा म्हणतोय. गोळ्या चालू आहेत, मीनल मोजते.

दादाला आणि गावात तुम्हीच खरं सांगा. रागवायचं असेल तर फोनवर नको. छाटणी उरकली की चार दिवस इकडे या आणि समोर बसून रागवा. मी हल्ली संध्याकाळी सहाला घरी असतो.

तुमचा,
विजय