माळाला उंबरा नव्हता

आमच्या गावामागचा माळ डोंगर म्हणावा इतका उंच नव्हता, आणि टेकडी म्हणून सोडून द्यावा इतका लहानही नव्हता. न्हावऱ्याच्या अंगाला तो म्हशीच्या पाठीसारखा वर यायचा आणि तसाच लांबवर शिरूरच्या दिशेला जायचा. अलीकडे आमचं गाव, पलीकडच्या उतारावर मावशीचं. आई थोरली, मावशी धाकटी. दोघी बहिणी जवळजवळच्या गावांत दिल्या म्हणून आजोळी सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. पुढं काय होणार हे कुणाला ठाऊक असतं?

झालं ते एका लग्नात. मानाचा फेटा आधी कुणाला बांधायचा, यावरून माझे वडील आणि मावशीचा नवरा, दोघे साडू, मांडवातच हमरीतुमरीवर आले. आमची धनगरांची घरं. मेंढरं जाऊन जमिनी आल्या होत्या, पण ताठा मेंढरांबरोबर गेला नव्हता. दोघांनी भरमांडवात भंडारा उचलून शपथ घेतली, की याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही आणि माझ्या घरातल्या कुणाला लावू देणार नाही. भंडारा उचलला म्हणजे देव मध्ये आला, मग बोलायची सोय नाही. पुरुषांनी हातभर कापडापायी दोन बहिणी तोडल्या. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

पण आई वडिलांपेक्षा हुशार होती. शपथ उंबऱ्याची होती आणि माळाला कुठं उंबरा होता? शिरूरच्या बाजारादिवशी दोन्हीकडचे बाप्ये बाजारात गेले, की आई पाटी घेऊन चुलीसाठी रानशेण्या वेचायला निघायची. मलाही बरोबर घ्यायची. तिकडून मावशीही पाटी घेऊनच यायची. माळाच्या माथ्यावर, धारेवर, एक एकटी बोर होती, तिथं दोघी भेटायच्या.

मग त्या चालायला लागायच्या. बोरीपासून धारेच्या पार टोकाला शेंदूर फासलेला एक दगड होता, तिथवर जायचं आणि परत यायचं. बसलेल्या बायका लांबून दिसतात, वेचणाऱ्या बायकांकडे कोण बघतं? वर पोचलं की दोघींचे डोक्यावरचे पदर खाली यायचे आणि कमरेला खोचले जायचे. आईचे मोकळे केस मी फक्त न्हाताना आणि माळावर पाहिले.

माळावर झाड असं नव्हतंच. पिवळा तरवड, पायाला चिकटणारी कुसळं, मध्येच पायाखालून भुर्रकन उडणारा चंडोल. कधी हरणांचा कळप मान वर करून आमच्याकडे बघायचा आणि काही विशेष नाही असं ठरवून पुन्हा चरायला लागायचा. एकीकडे घोड नदीच्या कडेची हिरवी पट्टी. दुसरीकडे जमीन भीमेकडे उतरत गेलेली, आणि हवा स्वच्छ असली की भीमेपल्याड, वरवंडाच्या बाजूला, दौंडकडे जाणाऱ्या गाडीचा धूर दिसायचा. वारा इतका, की पुढं चाललेल्या दोघींचं बोलणं तुटक तुटक माझ्यापर्यंत यायचं.

मावशी मुलखाची अबोल. आजोळी म्हणायचे, हिच्या तोंडात मूग भरलेत. पण चालायला लागली की तिचं तोंड सुटायचं. चालताना एकमेकींकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल. सासरा भाकरी कशी मोडतो याची ती अशी नक्कल करायची, की आई पोट धरून खाली बसायची. तिचं दुसरं मूल पाळण्यातच गेलं, तेव्हा सासूनं तिला मोठ्यानं रडू दिलं नव्हतं. ते रडणं तिनं माळावर आणलं. बोरीपासून दगडापर्यंत ती रडत चालली. आई तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारून चालत राहिली आणि येताना दोघींनी मुकाट्यानं पाट्या भरल्या.

संध्याकाळी वडील बाजारातून आले, की पाय धुता धुता आईला विचारायचे, "माळावर वारं हुतं का?"

"हुतं की," आई म्हणायची.

एवढंच. त्यांना सगळं कळत होतं, हे मला फार उशिरा समजलं. शपथही मोडायची नाही आणि बायकोचं मनही मोडायचं नाही, म्हणून ते वाऱ्याची चौकशी करायचे.

आईनं मात्र हे भांडण मिटावं म्हणून नवस केला होता. देव पावला. दुसऱ्या एका लग्नात जाणत्यांनी दोघा साडूंना शेजारी बसवलं, एकाच वेळी दोघांच्या डोक्याला फेटे बांधले, भंडारा उधळून शपथ सोडवली. दोघे गळ्यात पडून पोरांसारखे रडले. फेट्यानं बांधलेलं भांडण फेट्यानंच सुटलं. आई अनवाणी जाऊन नवस फेडून आली.

मग मावशी घरी येऊ लागली. आधी बैलगाडीनं, पुढं एसटी सुरू झाली तशी एसटीनं. पहिल्या खेपेला आईनं पुरणपोळी केली. मावशी डोक्यावरून पदर घेऊन चुलीजवळ बसायची. ओट्यावर चुलते, दारात शेजारणी, मध्येच कुणीतरी पाणी मागणार. "म्हस दूध देती का?" "देती." "कांदा कसा हाय औंदा?" "बरा हाय." मग ती एसटीची वेळ विचारायची. आम्हाला वाटायचं, किती छान झालं. काय गेलं ते आईलाही कळलं नाही आणि मलाही नाही.

एका हिवाळ्यात ती आली ती वाळलेली दिसली. आई म्हणाली, "अंग उतरलंय गं तुझं." मावशी म्हणाली, "कामाचे दिस हायत." दुपारी आई पीठ मळत होती. मावशी उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"अक्का, माळावर जाऊन येऊ का? लई दिस झालं."

"आता गं कशाला?" आई हसून म्हणाली. "तवा घर न्हवतं म्हनून जात हुतो. आता घर हाय की आपलं. बस, च्या टाकते."

"व्हय, ते बी खरं," मावशी म्हणाली. चहा प्याली आणि शेवटच्या एसटीनं गेली.

उन्हाळ्यात ती वारली. दहाव्याला तिच्या जावेनं आईला बाजूला नेऊन सांगितलं, की छातीत गाठ होती, वर्षभर तरी असावी. कुणाला बोलली नव्हती. शेवटी अंगावरचं लुगडं बदलताना जावेला दिसली, तेव्हा वेळ निघून गेली होती.

"मला बी न्हाई बोलली," आई म्हणाली. मग तिचा चेहरा पालटला. ती कुठं पोचली ते मला कळलं, कारण त्या दुपारी मीही चुलीपाशीच होते.

परतताना आई घरी आली नाही. एसटीतून उतरली ती तशीच माळाला लागली. मी मागून गेले. बोरीपाशी तिनं पदर खाली घेतला, कमरेला खोचला आणि चालू लागली. पायवाट रुंद असूनही ती एका कडेनं चालत होती. दगडापाशी पोचल्यावर ती थांबली आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे न बघता म्हणाली, "बोल आता. हितं कुनी न्हाई."

भीमेपल्याड गाडीचा धूर निघाला आणि विरला.

घरी आलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी आईच्या पायांवरची माळाची धूळ पाहिली. बऱ्याच वर्षांनी त्यांनी हळूच विचारलं, "माळावर वारं हुतं का?"

"वारंच हुतं नुसतं," आई म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत गेली.