प्रमुख पाहुणे फणसाखाली बसले आहेत

आमच्या शनिवार मंडळात तेवीस माणसं होती आणि तेवीसच्या तेवीस पदाधिकारी होती. साधा सभासद औषधालाही नव्हता.

याचं सगळं श्रेय क्यारिसीमा टीचरना जातं. कबाले गावच्या शाळेत सोळा वर्षं जीवशास्त्र शिकवून, तिन्ही लेकरं बोर्डिंगात घालून, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या कंपालाला, आमच्या टेकडीवरच्या विद्यापीठात पीएच.डी.साठी आल्या. विषय केळीवरचा मर रोग. आल्या त्याच महिन्यात त्यांनी आमच्या रोगाचं निदान केलं: इथला प्रत्येक संशोधक आपापल्या खोलीत एकटाच सुकतोय. कुणी कुणाचं वाचत नाही, मार्गदर्शक सदा विमानात, आणि आयुष्यातला पहिला अवघड प्रश्न येतो तो थेट शेवटच्या तोंडी परीक्षेत. म्हणून त्यांनी ठरवलं, दर शनिवारी सकाळी एकाने आपलं काम मांडायचं आणि बाकीच्यांनी ते प्रेमाने फाडायचं.

पहिल्या शनिवारी तिघं आले. दुसऱ्या शनिवारी दोघं, त्यातला एक मी, कारण टीचर चहा आणायच्या.

मग टीचरनी डोकं चालवलं. आमच्याकडे लग्न ठरलं की आधी समिती बसते. नुसतं 'या' म्हटलं तर सख्खा चुलतभाऊ येत नाही. 'तुम्ही तंबू समितीचे उपाध्यक्ष' म्हटलं की परका माणूससुद्धा टाय बांधून हजर. टीचरनी पदं वाटायला घेतली. कायद्याचा लुबोवा अध्यक्ष. संख्याशास्त्राचा अंदामा शिस्तप्रमुख. कुणी प्रार्थनाप्रमुख, कुणी खुर्चीप्रमुख, कुणी फळा पुसण्याचे सहप्रमुख. मी वेळाधिकारी. खोली भरली! टीचर स्वतः सचिव झाल्या, म्हणजे खुर्च्या मांडणं आणि कपबशा धुणं.

गोम एवढीच, की पद आलं की 'दोन शब्द' आले. प्रार्थना व्हायची, राष्ट्रगीत व्हायचं, मग बुगांडा या इथल्या जुन्या राज्याचं गीत, मग विद्यापीठाचं. अध्यक्ष बोलायचे, उपाध्यक्ष अध्यक्षांशी सहमत व्हायचे. एकदा मी वेळेच्या महत्त्वावर एकोणीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या होत्या.

यात भरडला गेला कोमाकेच. उत्तरेतल्या गुलूकडचा, ताडमाड उंच, मधमाश्यांवर काम करणारा. हा पठ्ठ्या चवताळलेल्या माश्यांच्या पेटीत उघडा हात घालील, पण चार माणसांपुढे उभा केला की वाचा बंद. एकदा एका परिषदेत तो स्वतःचं नाव सांगून खाली बसला होता. आता त्याची तोंडी परीक्षा तोंडावर आली होती. सरावासाठी तीन शनिवार तो कागद घेऊन आला, आणि तिन्ही शनिवारी आभारप्रदर्शनाच्या आधी त्याच्या वाट्याला चार मिनिटं उरली. तिसऱ्या शनिवारनंतर तो टीचरना म्हणाला, "मंगळवारी परीक्षा आहे आणि मला अजून कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. तिथे मी मुका होणार, टीचर. चार वर्षं पाण्यात."

परीक्षेआधी एकच शनिवार उरला होता. टीचर लुबोवाकडे गेल्या.

"सेबो, अहो साहेब, या खेपेला भाषणं जरा आवरती घ्या ना."

"अहो टीचर, माझं सोडा," लुबोवा गंभीरपणे म्हणाला. "पण खुर्चीप्रमुखाचं भाषण कापलं तर तो काय म्हणेल? पद दिलं आणि तोंड शिवलं?"

"बरं बरं. नका कापू. पण आपल्याकडे अजून एक पद रिकामं आहे."

"कुठलं?"

"प्रमुख पाहुणे."

लुबोवाचे डोळे चमकले. खरा समारंभ!

आता प्रमुख पाहुण्यांचं आमच्याकडे असं असतं, की ते उशिरा येतात. ते येईपर्यंत कुणी कितीही बोलावं. आले की मात्र सगळ्यांनी उभं राहायचं, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत कुणी हलायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, जेवणाचं झाकण उघडायचं नाही.

शनिवारी सकाळी टीचरनी कोमाकेचला कोट चढवला, छातीला जास्वंद लावली आणि इमारतीमागच्या फणसाखाली बसवलं. "हाक मारेपर्यंत इथून हलायचं नाही."

आत कार्यक्रम सुरू झाला. दर पाच मिनिटांनी लुबोवा विचारायचा, "पाहुणे कुठवर आले?"

"वाटेत आहेत," टीचर सांगायच्या. खोटं नव्हतं. वाट जरा आखूड होती, इतकंच.

बावीस जणांची भाषणं साडेअकराला संपली. प्रथमच! आणखी काही बोलायचं कुणाकडे शिल्लकच राहिलं नाही. कोपऱ्यात केळीच्या पानात गुंडाळलेलं मटोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा उकडलेला लगदा, आणि शेंगदाण्याचा रस्सा वाफाळत होता. टीचरनी दार उघडलं आणि ओणवा होऊन आत शिरला कोमाकेच.

"हा?" अंदामा ओरडला. "हा पाहुणा?"

"शिस्तप्रमुख, उभे राहा," टीचर म्हणाल्या. तेवढा आवाज सोळा वर्षांच्या नोकरीतून येतो. आम्ही सगळे ताडकन उभे.

कोमाकेच बोलला. पहिली पाच मिनिटं कागदाशी, मग खिडकीशी, मग हळूहळू आमच्याशी. मध्ये कुणी घड्याळ दाखवलं नाही. ते काम माझं होतं आणि पाहुण्यांना घड्याळ दाखवायची माझी काय बिशाद? शेवटी टीचर म्हणाल्या, "आता प्रश्न. प्रत्येक पदाधिकाऱ्याने एक विचारल्याशिवाय झाकण उघडणार नाही."

पोटात भूक असली की माणूस किती बारकाईने ऐकतो म्हणून सांगू! अंदामाने तर मुळावरच घाव घातला. "मधपेट्या चाळीस लावल्यास म्हणतोस. तक्त्यात एकोणचाळीस आहेत. एक कुठे गेली?"

कोमाकेच थिजला. ओठ हलेनात. मी टीचरकडे पाहिलं. त्या सावरतील असं वाटलं होतं. त्या शांतपणे रश्श्याच्या झाकणावर हात ठेवून बसल्या होत्या.

"काकांनी खाल्ली," कोमाकेच अखेर म्हणाला.

खोली हसून हसून आडवी झाली. हशा ओसरला तशी त्याची मान वर आली. "म्हणजे त्यातला मध. म्हणून ती पेटी मी तिन्ही हंगामांतून वगळली. ती धरून आणि सोडून, दोन्ही हिशेब केलेत. निष्कर्ष बदलत नाही. परिशिष्टात आहे."

"मग हे आधी का नाही सांगितलंस, गाढवा?"

"आधी कुणी बोलू दिलं?"

मंगळवारी बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा पुसत तिसरा प्रश्न विचारला तो हाच: एक पेटी कमी कशी? कोमाकेच बाहेर आला तो डॉक्टर होऊन, आणि पहिली मिठी त्याने मारली अंदामाला.

तेव्हापासून शनिवारी काम मांडेल तोच प्रमुख पाहुणा. पदं ओस पडली, भाषणं दहा मिनिटांवर आली, पाहुण्यांची यादी जूनपर्यंत भरली. लुबोवाने अध्यक्षपद सोडून यादीत नाव घातलं.

मागच्या शनिवारी पाटीवर नाव होतं क्यारिसीमा टीचरचं. दोन वर्षं त्यांनी सगळ्यांचं ऐकलं, स्वतःचं एक पान कुणाला दाखवलं नव्हतं. आम्ही जास्वंद घेऊन पोहोचलो तर पाहुण्याबाई पदर खोचल्यासारख्या बाह्या सरसावून खुर्च्या मांडत होत्या.

"टीचर, तुम्ही बाहेर!" कोमाकेच म्हणाला.

"अरे, कपबशा राहिल्यात."

"त्या मी धुतो. तुम्ही फणसाखाली बसा. हाक मारेपर्यंत हलायचं नाही."